खिशातील वहीसाठी चामड्याचे वेष्टण

खिशातील वहीचे वेष्टण दीर्घकाळ टिकावे अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी वरच्या चकाकीवर न विसंबता प्रथम चामड्याच्या कापलेल्या कडेची खातरजमा करावी. कारण अस्सल चामड्याच्या कडेला एकमेकांत गुंतलेले बारीक तंतू दिसतात, तर चामड्याचा भुगा चिकटवून केलेला जिन्नस मुडपण्याच्या ठिकाणी लवकरच पापुद्रे टाकू लागतो. माझी पसंती बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या चामड्यास आहे. कोल्हापुरी पायताणांकरिता परंपरेने वापरले जाणारे हे चामडे प्रारंभी ताठर भासते, परंतु नित्य हाताळण्याने आणि अल्प तेलाने ते मऊ होत जाऊन गडद वर्ण धारण करते. १०५ बाय १४८ मिलिमीटरच्या वहीस सुमारे दीड मिलिमीटर जाडी पुरेशी होय. शिवणीविषयी मात्र तडजोड नसावी: मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी घातलेला हातटाका एके ठिकाणी तुटला, तरी उर्वरित शिवण सहसा उसवत नाही. कारागिराकडे जाताना वही, शक्यतो लिहून भरलेली, सोबत न्यावी. कारण कोऱ्या वहीच्या मापाने बेतलेले वेष्टण पाने फुगल्यावर आवळू लागते.