पक्षी यायच्या आधीच झाड तोडलं तर?

समजा, तुमच्या मालकीचं पाइनचं जंगल आहे आणि शेजारच्या जंगलात रेड-कॉकेडेड जातीचा दुर्मीळ सुतारपक्षी राहतो. उद्या तो तुमच्याकडे आला की तिथली तोड कायद्याने अडते, भरपाई मात्र काहीच नाही. तुम्ही काय कराल?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या काही मालकांनी झाडं लवकर तोडून टाकली. हा पक्षी जिवंत आणि जुन्या पाइनमध्येच ढोली कोरतो, त्यामुळे झाड म्हातारं होऊ दिलं नाही की प्रश्नच मिटला. पक्षी यायच्या आधी तोडलं तर सगळं कायदेशीर, बरं का! डीन ल्यूक आणि जेफ्री मायकल यांनी २००३ साली हे आकड्यांनिशी दाखवलं. पक्ष्यांची वस्ती जितकी जवळ, तितकी तोड होण्याची शक्यता जास्त आणि तोडीच्या वेळी झाडांचं वय कमी.

म्हणून १९९५ मध्ये तिथल्या सँडहिल्स भागात ‘सेफ हार्बर’ करार आले. करार करताना जमिनीवर पक्ष्यांचे जेवढे गट असतील, तेवढे सांभाळायचे. तुम्ही अधिवास सुधारल्यामुळे वाढलेल्या गटांचं नवं बंधन तुमच्यावर नाही. म्हणजे हातात रोख पैसा नाही, पण भीती काढून टाकली. मला ही कल्पना फार आवडते, कारण सरकारचा खर्च त्यात कमी आहे.

पण ही योजना यशस्वी झाली, हे सिद्ध कसं करणार? करार झालेल्या जमिनींवरचे पक्षी मोजून भागत नाही. सुरुवातीच्या सहभागींमध्ये गोल्फ रिसॉर्टही होतं. त्यांना जुनी झाडं तशीही हवीच असतात! स्वतःहून आलेल्यांची न आलेल्यांशी सरळ तुलना केली, तर योजनेचा परिणाम आणि मालकाची मूळ आवड यांची सरमिसळ होते. एकूण संख्येवरूनही निष्कर्ष काढता येत नाही. २०२४ मध्ये हा पक्षी ‘संकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली आला, पण त्यामागे सरकारी जमिनींवरच्या कृत्रिम ढोली आणि नियंत्रित वणवेसुद्धा आहेत.

मी असते तर पक्षी सोडून झाडांचं वय मोजलं असतं. भीती खरंच गेली असेल, तर करार उपलब्ध झाल्यावर ‘वस्ती जवळ म्हणून तोड लवकर’ हे नातं त्या भागात सैल पडायला हवं, आणि जिथे करार नव्हते तिथे तसंच राहायला हवं. शेजारी पक्षी असणं मालकाने निवडलेलं नसतं, करारावर सही करणं निवडलेलं असतं. तुमच्या प्रपोजलमध्ये असा, माणसाने न निवडलेला फरक कुठे सापडतो, ते आधी शोधा.