सूर्याची वीज चाकात साठवता येईल का?

सूर्य मावळला की छपरावरील सौर पॅनेलचे काम थांबते आणि घराला विजेची खरी गरज त्यानंतरच भासते. म्हणून वीज निर्माण कशी करावी, याइतकाच ती साठवावी कशी, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. आज आपण त्यासाठी बॅटरी वापरतो. परंतु ऊर्जा साठविण्याचे तिच्याहून फार जुने साधन मानवाजवळ आहे. ते म्हणजे फिरते जड चाक, म्हणजेच प्रचक्र किंवा फ्लायव्हील.

कुंभार काठीने चाक गरगर फिरवून काठी बाजूला ठेवतो आणि चाकात साठलेल्या गतीवर मडके घडवतो. कडबाकुट्टीचे बिडाचे चाकही याच तत्त्वावर चालते. सौरयंत्रणेत दिवसाची वीज मोटरद्वारे चाकाला वेग देते. रात्री तेच चाक मोटरला फिरवते आणि मोटर जनित्र होऊन वीज परत देते. चाकाचे वजन दुप्पट केले, तर साठा दुप्पट होतो. वेग दुप्पट केला, तर तो चौपट होतो.

ही केवळ कल्पना नव्हे. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधील इव्हर्दों येथे सुमारे दीड टनाच्या चाकावर चालणाऱ्या बसगाड्या सुरू झाल्या. थांब्यावर वीज घेऊन त्या चाकाला वेग देत. २०११ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्टीफनटाउन येथे अशी २०० चाके असलेले २० मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. मात्र पूर्ण क्षमतेने वीज दिल्यास तेथील साठा सुमारे १५ मिनिटेच पुरतो. विद्युतजालातील क्षणोक्षणीचे चढउतार सावरणे, हेच त्याचे काम आहे.

आता आपल्या घराचा हिशेब मांडू. ५० वॉटचे दोन पंखे आठ तास आणि ९ वॉटचे चार दिवे पाच तास चालविण्यास सुमारे एक युनिट वीज लागते. १०० किलो वजनाची, अर्धा मीटर व्यासाची पोलादी तबकडी मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर तिच्यात जेमतेम ४३ वॉट-तास ऊर्जा साठते. तेवढ्यात एक दिवाही पाच तास चालत नाही. पूर्ण युनिट साठविण्यासाठी वेग १५,००० फेऱ्यांच्या आसपास न्यावा लागतो. तेव्हा तबकडीची कड ध्वनीहून वेगाने धावते. ती फुटल्यास तुकडे घातक ठरतील, म्हणून मजबूत कवच हवे. हवेचे घर्षण टाळण्यासाठी निर्वात पेटी आणि चुंबकीय बेअरिंग हवेत. तरीही गळती पूर्णपणे थांबत नाही. समजा ती अवघी २० वॉट असली, तरी बारा तासांत पाव युनिट वाया जाते.

याउलट १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या नेहमीच्या बॅटरीचा साठा कागदोपत्री १.८ युनिट असतो. त्यातील निम्माच वापरला, तरी जवळपास तेवढेच काम होते. चाक हजारो वेळा भरले-रिकामे केले तरी फारसे झिजत नाही, हा त्याचा मोठा गुण खरा. पण रात्रभराच्या साठ्यासाठी घराला आज बॅटरीच योग्य, असे आमचे मत आहे.

कष्टाची कमाई सौरयंत्रणेत घालताना पालकांनी विक्रेत्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. साठा किती युनिटांचा? पहाटेपर्यंत त्यातील किती उरतो? यंत्रणा किती वर्षे टिकते? शिसे विषारी असल्याने जुनी बॅटरी भंगारात न देता अधिकृत केंद्राकडेच परत करावी. नव्या यंत्राची जाहिरात कितीही आकर्षक असो, आकडे मागण्याचा आपला हक्क आपण सोडता कामा नये.