चहात कुस्करलेली भाकरी

पहाटेच्या पाळीला निघालेला घाटकोपर-मुलुंडचा कामगार रात्रीची भाकरी चहात कुस्करून खातो. शेजारी नाक मुरडतात, मुरडोत बापडे! खारी चालते, मग भाकरीनेच काय केले?

गावाकडे आपली म्हातारी माणसे याहून न्यारी. मांसाच्या लांब पट्ट्या दोरीवर वाळवून ती चान्या करीत. उन्हाने पाणी आटले की मांस महिनोन् महिने टिके. मग निखाऱ्यावर भाजायचे, भाकरीबरोबर चघळायचे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितले; समाजाने सोडले, उत्तमच झाले. पण चान्यांची कृती लाजेने पुसून टाकावी असे काही नाही. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील असे पदार्थ ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात २०१५ साली नोंदवले. घरात आजी असेल, तर लेकी-सुनांनी, मुलग्यांनीही, तिला विचारून वहीत उतरवून घ्यावे. मोजमाप मात्र विचारू नये. ती मूठ दाखवील.