मंद लेसरचा उतारा

दोन दिवस तोंड आलं तरी आमटीचा घास नकोसा होतो. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्यांचं तोंड आठवडेच्या आठवडे आलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गालाची आतली बाजू लाल होते, मग पांढरट चट्टे, मग सालं. पेजेतलं मीठही झोंबतं. काहींना नाकातून नळी घालावी लागते, तर काहींचे उपचारच मध्ये थांबवावे लागतात. ते थांबले की कॅन्सरला उसंत मिळते, हे खरं दुखणं.

तोंडाचं अस्तर सतत नवं होत असतं. भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालणारे उपचार त्यालाही सोडत नाहीत.

अशा तोंड येण्यावरच्या एका उताऱ्याचं मूळ एका भादरलेल्या उंदरात आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात बुडापेस्टमध्ये डॉ. एंद्रे मेस्टर यांनी उंदरांचे केस काढून त्या जागी रूबी लेसरचा मंद झोत टाकला. तिथले केस उलट लवकर उगवले! जाळणारा म्हणून ओळखला जाणारा लेसर मंद केला की वाढीला चालना देऊ शकतो, हे तिथे दिसलं. लाल प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातलं एक विकर शोषून घेतं, पेशीला ऊर्जा मिळते आणि दाह उतरतो, असं त्यामागचं गणित मानलं जातं.

तोंडासाठी हाच मंद लेसर वापरतात, तो प्रकार प्रत्यक्षात अगदी साधा दिसतो. रुग्णाच्या डोळ्यांना गॉगल, तोंडात पेनासारखी कांडी. ओठांची आतली बाजू, गाल, जिभेच्या कडा असं एकेक ठिकाण घेत जायचं. चटका बसत नाही. गाठ असलेली जागा मात्र टाळतात.

मणिपालच्या संशोधकांनी केमो आणि रेडिएशन एकत्र घेणाऱ्या २२१ रुग्णांवर हे तपासलं. काहींना खरा लेसर, बाकीच्यांना नुसतं नाटक. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नव्हतं. २०१२ साली निष्कर्ष छापून आला: लेसर घेतलेल्यांत तीव्र व्रण आणि वेदना कमी. ब्रिटनमधल्या, उपचारांची पारख करणाऱ्या 'नाइस' संस्थेनेही २०१८ मध्ये या उपचाराला हिरवा कंदील दाखवला.

तंबाखूपायी तोंडाचा कॅन्सर घरोघरी ऐकू येणाऱ्या आपल्याकडे ही सोय अजून मोजक्याच ठिकाणी आहे. बाजारातले लाल दिवे घरी तोंडात धरून हे साधत नाही; तरंगलांबी आणि मात्रा मोजूनच द्यावी लागते. शिवाय खरा फायदा व्रण उठण्याआधी सुरुवात केली तर. तेव्हा रेडिएशनच्या पहिल्या दिवसाआधीच डॉक्टरांना याबद्दल विचारा.