पाठीचे माप

आमचे अब्बा शिंपी होते. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढताच नजरेने माप सांगत, आणि ते सहसा चुकत नसे. परंतु ईदेसाठी स्वतःचा सदरा बेतावयाचा झाला की आम्हा मुलांपैकी कोणाला तरी हाक मारून हातात टेप देत. म्हणत, "बेटा, पाठीचं माप आपलं आपल्याला घेता येत नाही." पुढे शाळेत पर्यवेक्षक झालो, इतरांकडून काम करवून घेण्याची जबाबदारी अंगावर आली, तेव्हा त्या वाक्याचा खरा अर्थ उमगला.

कचेरी असो, कारखाना असो वा शाळा असो. प्रमुखाला कामाचे ज्ञान हवे, शिस्त हवी, हे सर्वच जाणतात. पण आपल्या वागण्याचा सहकाऱ्यांवर काय परिणाम होतो, याची जाण त्याहून कमी महत्त्वाची नाही. ती केवळ एकांतात बसून आत्मपरीक्षण केल्याने पुरती येत नाही. असे का, हे सांगणारी एक सोपी आकृती आहे. जोसेफ लफ्ट व हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ती १९५५ साली मांडली. दोघांच्या नावांचे सुरुवातीचे भाग जोडून तिला 'जोहरी खिडकी' असे नाव पडले. आपल्याकडील रत्नपारखी जोहऱ्याशी तिचा संबंध नाही. पण पारख हाच तिचाही विषय आहे, हा एक गमतीचा योगायोग.

या खिडकीला चार तावदाने आहेत. पहिले मोकळे : जे मलाही ठाऊक आणि इतरांनाही. दुसरे आंधळे : जे इतरांना दिसते, पण मला दिसत नाही. तिसरे झाकलेले : जे मला ठाऊक आहे, पण मी इतरांना कळू देत नाही. चौथे अज्ञात : जे कोणालाच ठाऊक नाही. पहिले तावदान जितके मोठे, तितके एकत्र काम करणे सुकर. ते वाढविण्याचे मार्ग मुख्यतः दोन : आपल्याविषयी इतरांकडून ऐकून घेणे आणि आपले मन योग्य तेवढे उघड करणे.

अडचण अशी की, खुर्ची जसजशी उंच होते, तसतसे दुसरे तावदान नकळत रुंदावत जाते. ज्याच्या सहीवर आपली रजा आणि वार्षिक शेरा अवलंबून, त्याला त्याचा दोष कोण सांगणार? समोरचा 'होय सर' म्हणतो आणि प्रमुखाला वाटते, सर्वांना पटले.

माझेही असेच झाले. एका वर्षी वेळापत्रक मी केले. नववीच्या विज्ञान-प्रयोगांची जोडतासिका मोडून दोन निरनिराळ्या दिवशी एकेक तासिका दिली. मांडामांड होते न होते तोच घंटा होई. प्रयोग अर्धवट राहत. वर्षाअखेर प्रात्यक्षिकाच्या वेळी चांगली हुशार मुले उपकरणांसमोर बावरून उभी राहिली. मी विज्ञानाच्या बाईंना विचारले, "बाई, आपण मला आधी का नाही सांगितलंत?" त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, दोनदा आले होते. पहिल्याच वाक्याला आपण म्हणालात, मला ठाऊक आहे, बघतो." संध्याकाळी शाळेचे वृद्ध शिपाईमामा दार लावताना म्हणाले, "सर, कुणी बोलायला आलं तरी तुम्ही पेनाला टोपण लावत नाही. माणूस समजून जातो, वेळ नाही म्हणून." माझे दार सर्वांना उघडे आहे, असे मी अभिमानाने सांगत असे. दार उघडे होते खरे. पण माझे उघडे पेन आल्या माणसाला माघारी पाठवीत होते. त्याची किंमत मुलांनी मोजली.

तेव्हापासून काही गोष्टी मी नेमाने पाळतो. "माझं काम कसं वाटतं?" असे मोघम विचारत नाही, त्याला "छान" हेच उत्तर मिळते. "माझ्या कोणत्या एका सवयीमुळे आपलं काम अडतं?" असे नेमके विचारतो, तेही एकेकट्याला. उत्तर मिळाले की खुलासा देत बसत नाही. लिहून घेतो, आभार मानतो. सभेत सर्वांत नवख्या शिक्षकाने आधी बोलावे, मी शेवटी. आणि आठ दिवसांच्या आत एक तरी बदल सर्वांना दिसेल असा करतो. त्यावाचून पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही. सांगणाऱ्यावर एकदा जरी राग काढला, तरी सगळी तोंडे मिटतात.

याचा अर्थ, प्रत्येक शेरा खरा मानावा असे नव्हे. एकाच्या बोलण्यात आकस असू शकतो. पण तिघे वेगवेगळे येऊन तेच सांगू लागले, तर दोष आपल्यात शोधावा. तसेच, घरची सारी दुःखे सहकाऱ्यांपुढे मांडण्याचेही कारण नाही. मात्र "वेळापत्रकात चूक माझी झाली" एवढे सर्वांसमक्ष म्हणता यावे. मी ते पुढच्या सभेत म्हटले. जीभ जड झाली होती. पण त्याच सभेत आणखी दोन चुका मला कळल्या, त्याही वेळेवर.

वाचकांत कोणी मुख्याध्यापक असतील, कोणी हेडक्लार्क, कोणी एखाद्या संस्थेचे चिटणीस. त्यांना एवढीच विनंती : उद्या कोणी बोलावयास आले, तर आधी पेनाला टोपण लावावे आणि टेप त्याच्या हाती द्यावी.