व्हेंटिलेटर सुटला, पण घशाचे काय?



आय.सी.यू.तून घरचे माणूस जिवानिशी परत आले की दारातच आपण त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतो आणि म्हणतो, ‘सुटलो बाई एकदाचे!’ आमच्या घरीही असेच झाले.

आम्ही नांदगाव खंडेश्वरचे. घरी कपाशी आणि सोयाबीन. थोरल्या भाऊजींना फवारणी करताना विषबाधा झाली. शेतातच घाम फुटला, तोंडाला फेस आला, श्वास अडू लागला. तशाच अवस्थेत अमरावतीला नेले आणि तोंडातून नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवले. आपल्या भागाला हे दुखणे नवे नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेकडो शेतकरी-मजूर दवाखान्यात पोचले आणि वीसहून अधिक जण गेले, हे तुम्हाला आठवत असेल.

भाऊजी वाचले. घरी आले. खंडेश्वराला नारळ फोडला. आवाज तेवढा घोगरा होता. ‘अशक्तपणा आहे, येईल हळूहळू,’ असे सगळेच म्हणाले. महिनाभराने मात्र जाऊबाई मला हळूच म्हणाल्या, ‘माय वो, रात्री यांच्या गळ्यातून सूंई सूंई आवाज येऊन रायला.’ अंगणातून ओट्यावर चढतानाही त्यांना दम लागे. दवाखान्यात दाखवले तर दमा निघाला म्हणे. पंप झाला, गोळ्या झाल्या. तीन आठवडे गेले, आवाज वाढतच गेला.

शेवटी कुणीतरी सुचवले म्हणून अमरावतीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी छाती तपासली नाही. पहिला प्रश्न विचारला, ‘यांना नळी किती दिवस होती?’

तोवर हे कुणी विचारलेच नव्हते! जाऊबाई चटकन म्हणाल्या, ‘अकरा दिवस.’ त्यांची पोरगी रोज फोनवर विचारायची, ‘नळी काढली का वो माय?’ आणि घरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी एक फुली मारायची. त्या फुल्या जाऊबाईंनी घरी आल्यावर मोजल्या होत्या.

डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिले. स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिका आकसली होती. दमा नव्हताच. पुढे नागपूरला नेऊन फुग्याने ती वाट दोनदा रुंद करून घ्यावी लागली. आज भाऊजी शेतात जातात. आवाज थोडा जाडा राहिला आहे, पण बैलांना हाक मारली की बांधापलीकडे ऐकू जाते.

तुम्ही म्हणाल, नळीने जीव वाचवला आणि नळीनेच घात केला? तसे नाही. ही नळी दोन स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत जाते आणि तिच्या टोकाजवळचा छोटा फुगा आतल्या भिंतीला टेकून असतो. दिवसामागून दिवस दाब पडला की आतली नाजूक त्वचा सोलवटते. जखम भरताना व्रण धरतो आणि वाट अरुंद होते. हे काही आठवड्यांनी होते, म्हणजे रुग्ण घरी आल्यावर, आपल्या डोळ्यांदेखत.

म्हणूनच नळी बरेच दिवस लागणार असे दिसले की डॉक्टर गळ्याला पुढून छिद्र करून तिथून श्वासाची सोय करतात. त्याला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. ‘गळा कापणार’ हे शब्द ऐकून आपल्या पोटात गोळा येतो, पण हे छिद्र बहुधा कायमचे नसते. १९५२ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली होती. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला असेच छिद्र केले आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग वैद्यकीय विद्यार्थी रात्रंदिवस पाळीपाळीने इतर रुग्णांसाठी पिशव्या दाबत बसले. आजच्या आय.सी.यू.चा उगम तिथलाच मानतात.

आता घरी काय पाहायचे, ते नीट लक्षात ठेवा.

आवाज. दोन-तीन आठवड्यांनीही घोगरेपणा गेला नाही, तर घसा दाखवा. तोवर रुग्णाला ओरडू देऊ नका. कुजबुजायलाही लावू नका, त्यानेही घशावर ताण येतो. हळू पण नेहमीच्या आवाजात बोलू द्या.

श्वास. दम्यात शिट्टी बहुधा श्वास सोडताना वाजते. श्वास आत घेताना गळ्याजवळ आवाज येत असेल तर ते घशाचे दुखणे असू शकते. बसल्याजागी धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट पाहू नका.

गिळणे. पाणी पिताना ठसका, जेवल्यावर ओला, घुर्रघुर्र आवाज, मधूनच ताप, अशी लक्षणे दिसली तर घास श्वासनलिकेत उतरत असण्याचा संभव असतो. आपल्याला वाटते पाणी सोपे, पण अशा रुग्णाला पातळ पाणीच सर्वांत अवघड! तपासणी होईपर्यंत आग्रहाने भरवू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की मऊ, घट्टसर खिचडी किंवा भाताची दाट पेज लहान चमच्याने द्या. रुग्णाला ताठ बसवा, घास तोंडात असताना बोलायला लावू नका आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नका.

कान. आय.सी.यू.त जीव वाचवण्यासाठी दिलेली काही इंजेक्शने कानाला बाधतात. कानात गुणगुण होऊ लागली किंवा माणूस पुनःपुन्हा ‘काय?’ विचारू लागला, तर कानाची तपासणी करून घ्या.

नाक. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेची झळ अमरावतीला फेब्रुवारीतच लागली. त्या लाटेपाठोपाठ काळ्या बुरशीने अनेकांचे डोळे आणि जबडे गेले. साखर वाढलेल्यांना आणि स्टेरॉइड घेतलेल्यांना तिचा धोका जास्त. अर्धा चेहरा दुखणे वा सुजणे, नाकातून काळपट खपली, दात हलणे, अंधुक दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ही बुरशी एकाची दुसऱ्याला लागत नाही, म्हणून रुग्णाला वेगळे टाकू नका.

गळ्यात नळी ठेवूनच घरी पाठवले असेल, तर आतली नळी काढून धुणे आणि कफ ओढणे दवाखान्यात स्वतःच्या हाताने दोन-चारदा करून पाहा, मगच घरी निघा. जादा नळी उशाशी ठेवा. अंघोळ गळ्याच्या खाली. खोलीत पावडर, उदबत्ती आणि फोडणीचा धूर नको. बोलता येत नाही म्हणून माणूस चिडचिडा होतो. त्याच्या हाताशी मुलांची पाटी आणि पेन्सिल ठेवा, आणि एक घंटीही.

खर्चाची धास्ती खरी आहे. त्यासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतले रुग्णालय कोणते, ते आधी विचारा. तिथे आरोग्यमित्र असतो. कागदपत्रे घेऊन त्याला भेटा.

आणि एक छोटेसे काम आजच करून ठेवा. घरचे कुणी कधी व्हेंटिलेटरवर राहिले असेल, तर नळी कोणत्या तारखेला घातली आणि कोणत्या तारखेला काढली, हे दवाखान्याच्या कागदावर लिहिले आहे का ते पाहा. नसेल तर विचारून लिहून घ्या. दुधाचा हिशेब आपण कधी चुकवत नाही. हाही चुकवू नका. जाऊबाईंच्या कॅलेंडरवरच्या त्या अकरा फुल्या ऐनवेळी केवढ्या कामी आल्या, ते आम्हीच जाणतो!