उंच सायलेन्सरची फटफटी

मंडळाच्या कार्यक्रमांना येणाऱ्या तरुण मंडळींच्या तोंडी हल्ली ‘स्क्रँबलर’ हा शब्द वरचेवर ऐकू येतो. कोणी होंडाची सीएल २५० घेतलेली असते, कोणी घेण्याच्या विचारात असतो, आणि घरातली वडीलधारी मंडळी विचारतात की ही कोरी करकरीत गाडी अशी आजोबांच्या काळातली का दिसते, आणि हिचा सायलेन्सर एवढा वर का चढवला आहे. हा दुसरा प्रश्न फार नेमका आहे. या जातीच्या गाडीची सगळी कुळकथा त्या सायलेन्सरात आहे. आम्ही पेशाने रसायनशास्त्राचे, मेकॅनिक नव्हे. पण सायलेन्सरच्या आत जे घडते ते आमच्याच खात्यात मोडते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाविषयी. स्क्रँबल म्हणजे धडपडत, रेटारेटी करत पुढे जाणे. शिबुयाच्या ज्या चौकात सगळ्या बाजूंचे लोक एकाच वेळी रस्ता ओलांडतात, त्याला जपानीत ‘स्क्रँबल कोसातेन’ म्हणतात. तोच हा शब्द. १९२४ साली इंग्लंडात सरे परगण्यातल्या कँबर्ली येथे माळरानावर मोटरसायकलींची शर्यत झाली, तेव्हापासून अशा शर्यतींना हे नाव पडले. त्यांच्यासाठी वेगळी गाडी मिळत नसे. रस्त्यावरची साधी गाडी घ्यायची, नको ते भाग काढून टाकायचे, हँडल रुंद करायचे, खोल नक्षीचे टायर चढवायचे, आणि खाली असलेला सायलेन्सर दगडांवर आपटू नये, ओढ्याचे पाणी त्यात शिरू नये म्हणून वर वळवून मांडीशी आणायचा. झाली स्क्रँबलर! म्हणजे हे रूप कोणा चित्रकाराने कागदावर काढलेले नाही, ते गरजेतून आले. आपल्याकडे दुधाच्या किटल्या लटकवून शेताच्या बांधावरून जाणारी राजदूत आठवा. तिला कोणी स्क्रँबलर म्हटले नाही, पण काम तेच.

होंडाने हा प्रकार कारखान्यातूनच तयार करून १९६२ साली बाजारात आणला, तो ड्रीम सीएल ७२ या नावाने. डोळ्यांसमोर गिऱ्हाईक होते अमेरिकेतले. १९६० सालची सीबी ७२ ही त्यांची २४७ सीसीची, दोन सिलिंडरांची, रस्त्यावरची वेगवान गाडी. तिचेच इंजिन घेतले, पण सांगाडा बदलला. सीबीमध्ये इंजिन हाच सांगाड्याचा एक भाग असे, त्याला खालून आधार नसे. खडकाळ वाटेवर ते चालणार नाही, म्हणून सीएलमध्ये पुढून एक नळी खाली आणून इंजिन धरले. चाके १८ ऐवजी १९ इंचांची केली, आणि दोन्ही सिलिंडरांच्या धुराच्या नळ्या डाव्या अंगाने वर नेल्या.

त्याच वर्षी डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनियर हे दोघे अमेरिकन दोन सीएल ७२ घेऊन मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात उतरले. तिहुआना ते ला पाझ, सुमारे १,५०० किलोमीटर; त्यातल्या बहुतेक भागात रस्ता म्हणावा असा रस्ताच नव्हता. निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ सिद्ध करण्यासाठी दोन्ही गावांच्या तार कचेरीतून तारा पाठवल्या. एकिन्स चाळीस तासांच्या आत पोहोचले. होंडाचे नाव अमेरिकेत तेव्हा नवेच होते, त्यामुळे या धावेचा कंपनीला केवढा उपयोग झाला असेल हे सांगायला नको. पुढे १९६७ पासून त्याच प्रदेशात बाहाची प्रसिद्ध शर्यत भरू लागली.

पण खुद्द स्क्रँबलरचे आयुष्य थोडे ठरले. १९६८ साली यामाहाने डीटी-१ काढली : एक सिलिंडर, टू स्ट्रोक, वजन ११२ किलो. सीएल ७२ दीडशे किलोंच्या पुढची. चिखलात रुतलेली गाडी एकट्याने ओढून काढून पाहिली की हा चाळीस किलोंचा फरक म्हणजे काय ते कळते! पहिल्या रेघेपासून कच्च्या वाटेसाठीच आखलेली गाडी मिळू लागल्यावर, रस्त्यावरच्या गाडीला ठिगळे लावण्याची गरज उरली नाही. गरज संपली, रूप तेवढे लोकांच्या मनात राहिले.

ते रूप जपानात अधूनमधून डोके वर काढत आले आहे. २००० साली ‘ब्युटिफुल लाइफ’ या टीव्ही मालिकेत किमुरा ताकुया यामाहाच्या टीडब्ल्यू २०० वर दिसला आणि त्या जाड टायरच्या गाड्यांचे तोक्योत पेव फुटले. त्याच वर्षी होंडाची एफटीआर २२३ आली, २००२ मध्ये कावासाकीची २५० टीआर. त्यांतल्या बहुतेकांनी माती पाहिली ती पार्किंगमधल्या कुंड्यांची!

आता मुख्य विषयाकडे येऊ. मे २०२३ मध्ये होंडाने सीएल हे नाव पुन्हा काढले : सीएल २५० आणि सीएल ५००. साठ वर्षांपूर्वीची युक्तीच त्यांनी पुन्हा केली, म्हणजे हाताशी असलेली रस्त्यावरची गाडी घेतली. या खेपेस ती होती रेबेल, खाली बसलेली, ठेंगणी. रेबेल २५० ची बैठक जमिनीपासून ६९० मिलिमीटरवर, चाके दोन्ही १६ इंची. सीएल २५० ची बैठक ७९० वर, पुढचे चाक १९ इंची आणि मागचे १७ इंची. मोठे चाक का? खड्ड्याच्या काठाशी मोठ्या चाकाचा कोन सौम्य असतो, ते आत न पडता वरून जाते. बैलगाडीचे चाक मोठे का असते, याचे उत्तरही तेच.

इंजिन २४९ सीसीचे, एकाच सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे. रेबेलमध्ये ते ९,५०० फेऱ्यांना २६ अश्वशक्ती देते. सीएलमध्ये ८,५०० फेऱ्यांना २४. म्हणजे शक्ती मुद्दाम कमी केली? हो, आणि ते योग्यच केले. झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ बदलून जोर खालच्या फेऱ्यांकडे आणला आहे. सिग्नलवरून निघताना, हाकोनेच्या चढावर किंवा खडीवर, इंजिन किंचाळवायची पाळी येत नाही. गंमत अशी की १९६२ च्या सीएल ७२ चीही कागदावरची शक्ती २४ अश्वशक्तीच होती. साठ वर्षांच्या संशोधनातून मग मिळाले काय? त्याचे उत्तर धुरात आहे.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेले पेट्रोल बाहेर पडते. हवा जास्त आणि तापमान चढे असले की नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या जरा जास्तच पेट्रोल पीत, आणि तो सगळा ऐवज सरळ रस्त्यावर जाई. आजच्या नळीत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा अतिसूक्ष्म थर. हा उत्प्रेरक तिन्ही विषारी वायूंचा एकदमच निकाल लावतो, पण केवळ मिश्रण त्या १४.७ च्या अगदी जवळपास असेल तरच. त्यासाठी नळीत झिर्कोनियाचा एक संवेदक बसवतात. उरलेला ऑक्सिजन तो मोजतो आणि त्याप्रमाणे पेट्रोलची पिचकारी क्षणाक्षणाला कमीजास्त होते. आम्हाला विचाराल तर सबंध गाडीतला सर्वांत देखणा भाग हाच, आणि तो कोणाला दिसत नाही.

अडचण पुढेच आहे. अडीचशे-तीनशे अंशांच्या खाली उत्प्रेरक झोपलेला असतो, म्हणून तो इंजिनाच्या शक्य तितका जवळ, गरम जागी ठेवावा लागतो. आणि काम करू लागला की तो स्वतःही तापतो. खाली, रस्त्याशी असलेल्या नळीत हे खपून जाते. स्क्रँबलरमध्ये तीच नळी मांडीजवळून जाते! १९६२ मध्ये ती नुसती नळी होती. आज त्याच जागेत उत्प्रेरक, आवाज दाबणारे कप्पे आणि उष्णता अडवणारे आवरण एवढे सगळे मावले पाहिजे, आणि तरी गाडी सडपातळ दिसली पाहिजे. नळी आणि आवरण यांच्यामध्ये हवेची फट ठेवतात. हवा उष्णतेची वाईट वाहक, म्हणून ती फटच आपले रक्षण करते. (आपल्या थर्मासचा मामलाही याच घराण्यातला, फक्त तिथे हवाही काढून घेतलेली असते.)

जपानने २०२० पासून युरोपच्या पाचव्या टप्प्याच्या बरोबरीचे नियम लागू केले : किलोमीटरला कार्बन मोनॉक्साइड १ ग्रॅम, नायट्रोजनची ऑक्साइडे ०.०६ ग्रॅम. १९७८ पासून निघत असलेली यामाहाची एसआर ४०० याच सुमारास, २०२१ मध्ये, बंद झाली. नुसत्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे तापमान स्थिर राहत नाही, आणि तापमान हलले की रसायनही हलते. तरी कावासाकीने २०२४ मध्ये हवेने थंड होणारी डब्ल्यू २३० काढून दाखवली, म्हणजे हे अशक्य नाही, अवघड आहे.

गाडीचा आकार जितका अभियंते ठरवतात, तितकाच इथला कायदाही ठरवतो. २५० सीसीपर्यंत शाकेन नाही. ४०० पर्यंत साधा दुचाकी परवाना चालतो, त्यापुढे मोठा लागतो. सीएल ५०० चे इंजिन ४७१ सीसीचे, म्हणजे मोठा परवाना आणि शाकेन दोन्ही. नव्याने येणाऱ्या कुटुंबाने आधी हे पाहावे, रंग नंतर निवडावा. सीएल २५० ची किंमत २०२३ मध्ये ६,२१,५०० येन होती.

आणि आता आपल्या घरची बातमी. ट्रायम्फची स्क्रँबलर ४०० एक्स ही गाडी नावाने इंग्रजी, पण तयार होते पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात. २०२४ च्या सुरुवातीपासून ती जपानात मिळते. ३९८ सीसी, ४० अश्वशक्ती, इथल्या ४०० च्या मर्यादेत बरोबर बसणारी. पुढचे चाक १९, मागचे १७, होंडासारखेच. मातीत उतरल्यावर एबीएस बंद करण्याची सोयही आहे, कारण सुट्या खडीवर चाक थोडे अडकून मातीचा ढीग पुढे साचला तरच गाडी लवकर थांबते. कावासाकीकडून तंत्रज्ञान घेऊन बजाज मोटरसायकली बनवू लागला ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आज चाकणची गाडी कावासाकीच्या देशात येऊन विकली जाते, हे वाचून आम्हाला बरे वाटले, लपवत नाही.

भारतातल्या गाडीला मागच्या चाकाशी एक जाळी असते, साडी गार्ड. नियमानेच चाकाचा निम्मा भाग झाकावा लागतो, पदर अडकू नये म्हणून. मागे एका अंगाला बसणाऱ्या बायकांचे पाय डावीकडे असतात, म्हणून आपल्याकडे सायलेन्सर उजवीकडे हवा. पोटरीला सायलेन्सरचा चटका बसल्याची खूण कोणाच्या पायावर नाही? सीएल ७२ च्या दोन्ही नळ्या डावीकडे होत्या, ती पुण्यात आली असती तर काय झाले असते याची कल्पनाच करवत नाही. नव्या सीएलचा सायलेन्सर उजवीकडे आहे. इथे गणपतीला साडी नेसून जायचे असेल तर अर्थात ट्रेनच बरी.

घ्यावी की नाही? डोंगरातल्या खऱ्या पाऊलवाटा तुडवायच्या असतील तर नाही. १७२ किलो वजन आणि पुढच्या फोर्कची १५० मिलिमीटर हालचाल त्याला पुरत नाही. त्यासाठी एकशे चाळीस किलोंची सीआरएफ २५० एल आहे. फुजीच्या पायथ्याशी कँपला जाताना शेवटचे दोन किलोमीटर खडीचे असतात, तिथवर सीएल सुखाने नेईल. सरळ बसता येते, सलग सपाट सीटवर मागचा माणूसही नीट बसतो. मात्र परवाना मिळून एक वर्ष होईपर्यंत मागे कोणाला बसवता येत नाही. एक्सप्रेसवेवर तर चालवणाऱ्याचे वय २० पूर्ण आणि परवाना तीन वर्षांचा हवा. दुकानात जाल तेव्हा इंजिन दहा मिनिटे चालू ठेवायला सांगा, मग अर्ध्या चड्डीत नव्हे, रोजच्या पँटीत बसून उजवी मांडी कुठे येते ते पाहा. मागे जी व्यक्ती बसणार आहे, तिलाही बरोबर न्या आणि बसवून पाहा.